मचव्याचं इंजिन

स्वातंत्र्यानंतर विलायतेला परतणारा अलिबागचा साहेब आपली दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी दादासाहेब कर्णिकांना विकून गेला. पुढे तिचं इंजिन बसलं आणि विलायती सुटे भाग मिळेनात, तेव्हा दादासाहेबांनी भिकू कोळ्याच्या मोडीत निघालेल्या मचव्याचं डिझेल इंजिन तिच्यात बसवून घेतलं. गाडी पुन्हा हिंडायला लागली. त्यांची बायको सुचित्रा मात्र घरातच. तळा गावी तिची आई अंथरुणाला खिळली, तरी माहेरी जायची परवानगी नव्हती.

एका दुपारी दादासाहेब गावात पत्ते कुटायला गेले आणि तिने चावी उचलली. पूर्वी नवऱ्याच्या शेजारी बसून बसून गाडी तिला पाठ झाली होती. हमरस्त्याला जायची वाट एकच, कोळीवाड्यातून. पण त्या धडधडीची तिला धास्ती नव्हती. ऐकणारा म्हणेल, मचवा आला असेल, आणि कूस बदलेल.

पहिल्याच वळणावर तिला करकचून ब्रेक दाबावा लागला. तीन दिवस गावात मासळीचा तुकडा नव्हता. "म्हावरा आला गो, म्हावरा!" म्हणत टोपल्या घेऊन बंदराकडे निघालेल्या बायकांनी ती अरुंद वाट गच्च भरून गेली होती. गाडी मागे वळवायलाही जागा उरली नव्हती.



आणि त्या सगळ्यांच्या पुढे, एका हातात पत्ते तसेच धरून आणि कुणाची तरी पिशवी काखोटीला मारून, दादासाहेब धावत येत होते.