नत्थुजींची तक्रार

मंजुषाचं बोट खातं बंद करायच्या बटणावर होतं. समोर बाळापूरच्या वामनरावांचे शेरे उघडे होते आणि शिव्या हेरणाऱ्या यंत्राने त्यातले बहुतेक लाल करून ठेवले होते. ‘नत्थ्या, गधा हायेस का बे.’ ‘अक्कल विकून वांगे लावले वाटते.’ ‘बुढ्या, पान साठवाच्या आधी तारीख त पाह्य, किती जुनं हाये.’ वर्षानुवर्षं हेच. तक्रार खुद्द नत्थुजींची होती, हिवरखेडच्या. ‘वामनरावाच्या शेऱ्याइकडे लक्ष द्या,’ एवढंच त्यांनी लिहिलं होतं. बिचाऱ्याने फार सोसलं, असं मंजुषाला वाटलं.

संकेतस्थळ साधंच होतं. नेटवर सापडलेलं उपयोगी पान तिथे साठवायचं, इतरांनी त्याखाली शेरा लिहायचा, मन जुळलं तर एकमेकांना गोतावळ्यात घ्यायचं. त्यावरच्या तक्रारी निस्तरणं हे मंजुषाचं काम. अमरावतीचं घर सोडून ती अकोल्यात एका खोलीत बसून ते करायची. दिवसभर जगाची बोलणी वाचायची, आणि तिच्याशी बोलायचा तो फक्त खालचा डबेवाला. तोही ‘डबा ठेवला’ एवढंच बोलायचा.

नत्थुजींच्या गोतावळ्यात एकच नाव होतं, वामनरावांचं. ते काढण्याआधी नियमाप्रमाणे तिने नत्थुजींना फोन लावला.

“काका, शिव्यांमुळे त्यांचं खातं बंद करतेय. चालेल ना?”

“शिव्याइची तक्रार मी काहून करीन, बाई? शिव्या बंद झाल्या, त्याची तक्रार हाये.”

तिने शेवटचे शेरे पाहिले. ‘छान माहिती. धन्यवाद.’ खाली पुन्हा तेच. त्याच्याही खाली तेच. यंत्राने लाल केलं तेवढंच तिने वाचलं होतं. चांगलं बोलणं तपासायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

“वामन्या अन् मले धन्यवाद म्हननार?” नत्थुजी म्हणाले. “होऊच शकत नाही. त्या खात्यात दुसरंच कोनी बसलं हाये.”

“त्यांना फोन करून पाहिलात?”

“नंबर कधी घेतलाच नाही. रोज इथंच त भेटत होतो. मी भाजीवाला, तो फुलाच्या मळ्याचा. तोंड बी पाहिलं नाही एकमेकाचं. घरी मी एकटाच राह्यतो, बाई. तो हाये का नाही, तेवढं पाहून सांगा.”

मंजुषाला गलबलून आलं. दुसऱ्याच्या नावाने कोणी लिहीत असेल, तर ते खातं सगळ्या शेऱ्यांसकट पुसून टाकायचं, असा नियम होता. म्हणजे नत्थुजींना हव्या असलेल्या त्या शिव्याही जाणार. तिने नाइलाजाने खात्यात नोंदवलेला वामनरावांचा नंबर फिरवला.

फोन एका बाईने उचलला. “मी त्याइची सून, शालू. बाबा त गेले. तेरवी बी झाली.”

“मग त्यांच्या खात्यावर कोण लिहितं?”

“मीच.” शालूचा आवाज घाबरा झाला. “बाबानं जाच्या आधी सांगतलं होतं, नत्थ्याच्या पानाखाली रोज काईतरी लिहत जाय, त्याले दुसरं कोनी नाही. त्याइले कळू नये म्हनून मी बाबाच्याच नावानं लिहते. घरचं सारं आवरून, आठवनीनं. माह्यं काही चुकलं का, ताई?”

मंजुषाने डोळे पुसले. खाली डबेवाला हाक मारत होता, तिने ओ दिली नाही.

“मग त्यांच्यासारखं का नाही लिहिलंत?”



“लिहून पाह्यलं ना. लय डाव लिहलं अन् खोडलं,” शालू हळूच म्हणाली. “पन सासऱ्याच्या दोस्ताले सुनेनं शिवी कशी द्यावी, ताई?”