घरघर
लेक वारल्यापासून तिचा कॉम्प्युटर आईच वापरत होती. हल्ली तो फार रखडायचा, म्हणून तिने दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने पाहिलं, तर सगळी मेमरी अँटीव्हायरसच खात होता. “मुलीने बनवलेला छोटा प्रोग्राम आहे, मावशी. अँटीव्हायरस त्याला व्हायरस समजून पुसतो, तो लगेच परत उभा राहतो. दिवसभर हेच चाललंय.” तेवढ्यात पडद्यावर चौकट उमटली: ‘आई, गोळी घेतलीस?’ “घेतली गं,” आई सवयीने म्हणाली. दुरुस्तीवाल्याचा हात थबकला. “अँटीव्हायरसला सांगू का, हिच्या वाटेला जाऊ नकोस?” “म्हणजे इतके दिवस ती पुसली जायची आणि माझ्यासाठी परत यायची?” त्याने मान डोलावली. “दमली असेल पोर. जाऊ द्या तिला.” त्याने प्रोग्राम कायमचा काढला. कॉम्प्युटरची घरघर थांबली. आई दार उघडून रिकाम्या जिन्याला म्हणाली, “जपून जा गं.”