ब्रेकवरचा पाय

"सहा महिन्यांत तिसऱ्यांदा ब्रेकच्या डिस्क वाकल्या!" पिकअपचं चाक काढून बसलेले मुनीरभाई माझ्या दिरांवर खेकसले. "घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून झोपतोस की काय?"

"सेकंड गिअरमध्ये उतरतो, भाई. वहिनींना विचारा."

मी मान डोलावली. रोपवाटिकेतली रोपं पोचवायला बाळाला घेऊन मीही जाते. भावोजींचा पाय ब्रेकला क्वचितच लागतो.

मुनीरभाईंनी तापून निळी पडलेली डिस्क फिरवून पाहिली. "डिस्क आवळणारा कॅलिपर मोकळा आहे, कुठे अडकत नाही. मग अख्खा घाट ब्रेक दाबून धरल्याशिवाय ही एवढी तापायची नाही. असा पाय मी एकाचाच पाहिलाय…" माझ्याकडे लक्ष जाताच ते थांबले.

तो पाय माझ्या नवऱ्याचा. मला सातवा लागला तेव्हापासून ते घाटभर ब्रेक धरून उतरायचे. "पोटातल्याला धक्का नको," म्हणायचे. बाळाला न पाहताच तापाने गेले.

"विकूनच टाकू गाडी," परतताना भावोजी म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक येतंय."

उतार लागला. भर दुपारचं लख्ख ऊन होतं. एकाएकी भावोजींचा आवाज चिरकला. "वहिनी, माझा पाय इकडे आहे. बघा!"

ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं होतं, आणि तसंच राहिलं. वळणामागून वळण गेलं, पण मांडीवर झोपलेल्या बाळाची मानसुद्धा हलली नाही.

घाट संपला. मी वाकून हळूच म्हटलं, "अहो, झोपलाय तो. सोडा आता."

पेडल सावकाश वर आलं.

भावोजींनी गिअर बदलत विचारलं, "गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"नाही म्हणा. आणि डिस्कची एक जोडी जास्तीची आणून ठेवा."