बाबांच्या पसंतीची गाडी

“बोनेट गरम हाय,” शत्रुघ्न म्हणाले आणि त्यांनी हात मागे घेतला. “आमी यायच्या आधीच फिरवून आनलीस ना? गार असताना सुरू होत नसंल ही.”

विकणाऱ्याने किल्ली खिशात टाकली. तेजस्वीने सासऱ्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाली. पहिली पिकअप बाद.

तिला त्याचं काही वाटलं नाही. पहिली बाद व्हावी, दुसरी बाद व्हावी आणि बाबांनी तिसरीवर बोट ठेवावं, असाच तिचा बेत होता. तिसऱ्या गाडीचा विसार ती भुईगावच्या क्लेमेंटला आधीच देऊन आली होती.

जूचंद्रातल्या नव्या इमारतींना तेजस्वी भाजी पुरवायची. गिरीजच्या वाड्यांतून केळी, वांगी, अळू उचलायचं आणि गेटवर पोचवायचं. माल चांगला असे, पण भाड्याचा टेम्पो मनाला येईल तेव्हा दांडी मारी. एका सोसायटीने तर कंटाळून दुसरा भाजीवाला धरला होता. तिला दगा न देणारी स्वतःची गाडी हवी होती, आणि नवी परवडणारी नव्हती.

घरात गाड्यांतलं कळणारा माणूस एकच, शत्रुघ्न. त्यांनी जन्मभर टेम्पो चालवला. नजर कमी झाली म्हणून गेल्या वर्षी स्टिअरिंग सुटलं आणि तेव्हापासून ते ओट्यावर गप्प बसून असत. ताठा मात्र होता तिथेच. आपण न पारखलेल्या गाडीत पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. आणि तेजस्वीला तर ते रोज शेजारच्या सीटवर हवे होते. गाडी तिला येत होती, पण वाड्यांच्या अरुंद गल्ल्यांतून भरलेली गाडी काढायची हातोटी त्यांच्याकडे होती. खरं सांगायचं तर त्यांचं ते ओट्यावर बसणं तिला बघवत नव्हतं.

“बाबांना विचारू नकोस,” तिचा नवरा हरेश म्हणाला होता. “दिवाळीपर्यंत खोट काढत बसतील.”

म्हणून ही युक्ती. निवड आपली, मान त्यांचा.

क्लेमेंटच्या गाडीची बातमी मंगळवारी सासूबाईंनी मेथी निवडता निवडता सहज दिली होती. “भुईगावला कुनाची तरी पिकअप इकायची हाय म्हनं.” पुढचं सगळं तेजस्वीने केलं. त्याच दिवशी जाऊन गाडी चालवून पाहिली, गॅरेजवाल्याला दाखवली, विसार दिला आणि क्लेमेंटला बजावलं, की पुन्हा येईन तेव्हा ओळख दाखवायची नाही. आपल्या निवडीचा तिला अभिमान होता. का नसावा?

दुसरी गाडी गिरीजला होती. शत्रुघ्नांचा चष्मा रविवारपासून हरवला होता, घर उलथंपालथं करूनही सापडला नव्हता. त्यांनी सरळ सीटखाली नाक घातलं. “कुबट वास येतोय. पुराच्या पान्यात बसलेली हाय,” ते म्हणाले. दुसरीही बाद.

भुईगावला पोचेपर्यंत तेजस्वीच्या मनात एकच हिशेब चालू होता. बाबांनी नाक मुरडलं, तर गाडी तरी सोडावी लागणार किंवा बाबा तरी.

क्लेमेंटचा कुत्रा मंगळवारी तिच्या अंगावर असा धावून आला होता, की तिला विहिरीच्या कठड्यावर चढावं लागलं होतं. आज तो शेपटी हलवत आला आणि शत्रुघ्नांच्या पायाशी बसला. मुक्या जनावरालाही माणूस कळतो, असं तिच्या मनात आलं. क्लेमेंटची बायको फ्लॉसी चहा घेऊन आली. “हा तुमचा, बिनसाखरेचा,” म्हणत तिने एक कप त्यांच्या हातात दिला. तेजस्वीला स्वतःचा चहा गोड आहे की कडू, याचंही भान नव्हतं.

शत्रुघ्नांनी बोनेटवर हात ठेवला. गार होतं. गाडी सुरू करायला लावून ते डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

“क्लच?”

“नवा टाकलाय,” क्लेमेंट म्हणाला.

“ही दर्याकाठची हवा. खालून गंजली असंल.”

शत्रुघ्न गाडीला वळसा घालून मागे गेले आणि मागच्या चाकापाशी थांबले.

“ह्या बाजूचा स्प्रिंगचा पाटा बदललेला हाय. बरं केलंस.”

क्लेमेंटला एकदम खोकला आला. तेजस्वीचा ऊर मात्र भरून आला. डोळ्यांवर चष्मा नाही, कंबरेतून वाकले नाहीत, तरी ओळखलं! असा पारखी अख्ख्या वसईत दुसरा नसेल, आणि तो आपला सासरा आहे.

“हीच घे,” शत्रुघ्न म्हणाले. “चालवनार तू. मी बाजूला बसनार.”

तिने मान फिरवून डोळे पुसले.

स्कूटर हौद्यात चढवली आणि तेजस्वी स्टिअरिंगवर बसली. शत्रुघ्न शेजारी ताठ बसले होते, वरातीतल्या नवरदेवासारखे. “आरसा आत घे. आता डावीकडं दाब. अजून दाब.” दोन्ही बाजूंच्या कुंपणांना न घासता गाडी गल्लीतून बाहेर आली. “शाब्बास!” ते म्हणाले. वर्षभरात त्यांचा एवढा मोठा आवाज तिने ऐकला नव्हता.

तिला हसू आवरेना. बाबांना आयुष्यात कळणार नव्हतं की ही गाडी कोणी निवडली. आणि कळायचीही काय गरज?

नाक्यावर एसटीला वाट देण्यासाठी तिने गाडी थांबवली. काच धुळीने माखली होती. फडकं काढायला तिने समोरचा कप्पा उघडला. फडक्यावर एक चष्मा होता. त्याच्या मोडक्या काडीला लाल दोरा गुंडाळलेला होता. तो तिनेच गुंडाळून दिला होता.

शत्रुघ्नांनी शांतपणे चष्मा उचलला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

“पुढं बघून चालव,” ते म्हणाले. “त्या कुत्र्याचं बी सांग म्हनून बजावलं होतं मी तुझ्या सासूला. इसरली वाटतं.”