अक्काच्या गळ्यातला हार

फोटोत अक्का होती. गळ्यात झेंडूचा जाडजूड हार. वामनरावांनी खालचं काही वाचलं नाही. अंगठा आपसूक चालला आणि ग्रुपवर मजकूर पडला, 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

महिनाभर त्या अंगठ्याला तेवढंच काम होतं. अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन, त्यात वामनराव पॉझिटिव्ह. राजापेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत ते बारा दिवस एकटे होते. सून दाराशी ताट ठेवून जायची. बाकी सगळं जग मोबाइलमध्ये. नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची चित्रं यायची आणि दुपारपर्यंत हार घातलेले फोटो. पहिल्या तीन-चार जणांसाठी ते रडले. मग एक ओळ जपून ठेवली आणि तीच सगळ्यांना चिकटवू लागले.

पण ही अक्का होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. अकोल्याजवळ तिचा फुलांचा मळा, जेमतेम दोन तासांचा रस्ता. रोज सकाळी दोघं न चुकता एकमेकांना गुलाब पाठवत. त्या नादात वर्षभर बोलणं राहूनच गेलं होतं.

वामनराव रडू यायची वाट पाहत बसले. आलं नाही. त्यांना स्वतःचीच भीती वाटली. तिकडे ग्रुपवर रांग लागली. सख्ख्या भावानेच लिहिलंय म्हटल्यावर विचारायचं काय? दहा मिनिटांत अठरा जणांनी अक्काला निरोप देऊन टाकला. दाराशी ठेवलेला चहा निवला.

फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, माणिक अक्का.

"वामन्या, जित्ती हावो मी!"

वामनरावांचे डोळे घळाघळा वाहू लागले. "अक्का, तुह्या गळ्यात हार पाह्यला अन् मले वाटलं..."

"सत्तरावा वाढदिवस हाय माहा आज. मंदिरं बंद, लग्नं बंद, फुलं कोन घेते? म्हून नातीनं मलेच हार घातला. खाली लिवलं बी हाय तिनं."

वामनराव रडता रडता हसले. अक्का हसली नाही.

"काहून रे वामन्या," तिनं हळूच विचारलं, "मी मेली असं वाटूनबी तुले एक फोन करावा नाई वाटला?"