दोनशे चौदा वेळा

कपाशीवरचं संकट अखेर मोबाईलनंच परतवलं, असं कृषी खात्याच्या साहेबांनी यवतमाळच्या सभेत जाहीर केलं. पुरावाही होता: आर्णीजवळच्या तांड्यावरच्या जमनीबाईंनी बोंडअळीवरचा रेकॉर्ड केलेला सल्ला फोन लावून दोनशे चौदा वेळा ऐकला होता. सत्काराची शाल घेऊन साहेब तांड्यावर पोचले, तेव्हा बाईंच्या वावरात कमरेएवढं गवत होतं.

"आजी, कपाशी कुठंय?"

"तीन सालापासून पेरलीच नाई. पोट्टे पुण्याले गेले, घरात मी एकटीच."

"मग बोंडअळीचं ऐकता कशाला?"

"शेवटी ते फोनातली पोरगी म्हणते ना, 'स्वतःची काळजी घ्या' म्हणून."

साहेबांनी शाल उलगडून बाईंच्या खांद्यावर घातली.


"सायेब, तेवढं तिले सुरुवातीलेच म्हणायले सांगा ना. अळीचं ऐकता ऐकता मले डुलकी लागते."