चिंचेखालचा खांब

भूकंपात सगळी शाळा भुईसपाट झाली, पण चिंचेखालचा खांब जागचा हलला नव्हता. लिंबाजी त्याच्याकडे बघत नव्हता. त्या खांबाच्या सळया त्यानेच बांधल्या होत्या आणि पडलेल्या खांबांच्याही.

बांधकाम चालू असताना तपासणीचे साहेब चिंचेच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि हाताशी असलेला हाच खांब मोजायचे. म्हणून कंत्राटदार म्हणाला होता, "लिंबाजी, एवढा एक नियमानं बांध. सळयांभोवतीच्या रिंगा चार-चार इंचावर, टोकं आत वळवून. बाकीच्यांना फुटाफुटावर टाक. उन्हात कोण जातंय मोजायला?" लिंबाजीला तेव्हा बरंच वाटलं होतं. रिंगा वळवून मनगट भरून यायचं, ते वाचलं.

त्याची लेक गोदी पाचवीच्या वर्गात सापडली, काल दुपारी.

आज चौकशीला तेच साहेब आले. खुर्ची चिंचेखालीच टाकली. ढिगाऱ्यावर ऊन तापलं होतं, तिकडे कुणी गेलं नाही. साहेबांनी फुटलेल्या काँक्रीटमधून दिसणाऱ्या रिंगा टेपनं मोजल्या आणि कागदावर लिहिलं, "काम नियमाप्रमाणे."

"कुणी बांधलाय हा?" त्यांनी विचारलं. कंत्राटदाराने लिंबाजीला पुढे ढकललं.

"हात चांगलाय रे तुझा," साहेब म्हणाले.

लिंबाजीने तोंड उघडलं. बाकीच्या खांबांचं सांगायचं होतं. पण तेही ह्याच हातांनी बांधले होते.

त्याने ते हात जोडले.